अष्टभुजेचे अठरा हात

लहान गोष्टींकडे लक्ष द्या असं सांगणाऱ्या कवितेत सहसा एकही लहान गोष्ट नसते. मोबाइलवर रोज सकाळी अशी एक कविता येतेच. मागे सूर्योदय, पुढे जीवन, आकाश, सागर, क्षितिज आणि वेचायला ठेवलेले 'क्षण'. सगळा घाऊक माल. किरकोळीत काही मिळत नाही. त्या क्षणात नेमकं काय झालं, कपाचा टवका कुठल्या बाजूला उडाला होता, दूध उतू गेलं ते कोणी पुसलं, याचा कवितेत पत्ता नसतो. मला अशा कविता पाठवणारे एक सद्गृहस्थ आहेत. लहानसहान गोष्टींत आनंद शोधा, ही एकच कविता त्यांनी एका आठवड्यात दोनदा पाठवली. आपण ती आधीच पाठवली आहे, ही लहानशी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती.

अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' नेमकं याच्या उलट. लहान गोष्टींकडे बघा असा उपदेश त्यात कुठे नाही, आणि लहान गोष्टींखेरीज दुसरं फारसं काही नाही. एकाच बिजागरीवर लोंबकळणारं दार आहे. घराच्या भिंतींवरून वळणं घेत जाणारा नळाचा पाइप आहे. देऊळ समजून डोकवावं तर आत वासरू दिसावं, असा गोठा आहे. मारुतीच्या पडक्या देवळात पिल्लांसकट मुक्काम ठोकलेली कुत्री आहे. पुढची गाडी कधी, याचा थांगपत्ता लागू न देणारा स्टेशनमास्तर आहे. ज्वारीच्या शेतात उड्या मारणारे कोंबडे-कोंबड्या आहेत आणि त्यांच्यासाठी कवीनं पानावरची अक्षरंसुद्धा वरखाली उडवली आहेत. खंडोबा आहे, पण त्याची वर्णी दारा-पाइपांच्या रांगेतच लागलेली आहे. पुस्तक इंग्रजीत, 1976 साली आलं, ते कवींनीच मिळून चालवलेल्या 'क्लिअरिंग हाऊस'तर्फे. पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. कोलटकर जन्मानं कोल्हापूरचे, जाहिरातीच्या धंद्यामुळे मुंबईचे, आणि 2004 साली ते वारले पुण्यात. त्यांना 'आमचे' म्हणायला पुणेकरांना एवढं पुरतं.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सहाला आमचं काव्यवाचन मंडळ भरतं. सहा म्हणजे सहा. बाकं इयत्ता चौथीची आणि सभासदांचं वय सत्तरीच्या आसपास, त्यामुळे बसताना-उठताना काही रस आपोआप निर्माण होतात. त्यांत करुण जास्त. चहा अर्धा कप. बिस्किटं मोजून, आणि उरलेली कोणाच्या ताब्यात याची वहीत नोंद. अशा मंडळात एका रविवारी 'जेजुरी'तली फुलपाखराची कविता वाचायला घेतली.

कविता एवढीशी. जेजुरीच्या उजाड टेकड्यांवर एक पिवळं फुलपाखरू दिसतं आणि दिसतंय म्हणेपर्यंत नाहीसं होतं. याच्यामागे काही गोष्टबिष्ट नाही, हे कवीनं पहिल्या झटक्यातच सांगून टाकलेलं. वाचून झाली तेव्हा माझ्या घड्याळातला मिनिटकाटा हललाही नव्हता. चर्चा मात्र वॉचमन किल्ल्या वाजवायला लागेपर्यंत चालली.

सुरुवात अर्थातच बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी केली. त्यांच्याकडे प्रत्येक कवितेची फाईल असते. "पिवळा रंग म्हणजे भंडारा. भंडारा म्हणजे खंडोबा. म्हणजे फुलपाखरू हे मल्हारी मार्तंडाचं रूप," असं त्यांनी बेरीज तपासल्याच्या आवाजात जाहीर केलं. संस्कृतच्या माजी शिक्षिकांना ते रुचलं नाही. फुलपाखरू म्हणजे आत्मा, हे ग्रीक लोकांनीसुद्धा मानलंय, असं त्या म्हणाल्या. ग्रीक लोकांना त्यांनी एरवी कधी एवढा मान दिल्याचं स्मरत नाही. कोथरूडच्या एक ताई बौद्धांच्या क्षणिकवादापर्यंत गेल्या आणि तिथून परत यायला त्यांना बराच वेळ लागला. हिंजवडीत नोकरी करणारा आमचा एकमेव तरुण सभासद म्हणाला, "सर, ते सगळं ठीक, पण यातून टेकअवे काय?" त्याला दोघांनी दोन टेकअवे दिले. ते एकमेकांच्या विरुद्ध होते. त्यानं दोन्ही मोबाइलवर टिपून घेतले.

मागच्या बाकावर एक बाई बसतात. वेताळ टेकडीवर सकाळी पक्षी-किडे बघत हिंडणाऱ्यांपैकी. त्यांनी हात वर केला. "ते बहुतेक कॉमन ग्रास यलो असणार. टाकळ्याच्या पाल्यावर त्याच्या अळ्या वाढतात. म्हणून पावसाळ्यात आणि नंतर टेकड्यांवर पुष्कळ. आणि त्याची एक गंमत आहे, बसलं की ते पंख मिटून घेतं. पसरून बसत नाही. म्हणजे पंख उघडे दिसतात ते उडतानाच, तेवढ्यापुरते. कवीला तेच दिसलंय."

वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग चिटणीस म्हणाले, "बाई, हे निसर्गमंडळ नाही. विषयावर या."

त्या संध्याकाळी फुलपाखरावर बोललेलं माणूस ते एकच. बाकी सगळे भंडारा, आत्मा, क्षण आणि टेकअवे यांवर बोलले.

याचं खापर मी आमच्या मंडळावर फोडणार नाही. हे वळण लहानपणीच लागतं. दहावीच्या उत्तरपत्रिकेत रसग्रहण लिहायचं म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे खण पाडायचे आणि कविता त्यांत मावेल अशी कापायची. मग ते अजरामर वाक्य: 'कवीला येथे असे सांगायचे आहे की...' कवीला जे सांगायचं होतं ते त्यानं वरच सांगितलेलं असतं, छापलेलंही असतं. पण तेच जसंच्या तसं लिहिलं तर गुण मिळत नाहीत. दुसरं काहीतरी, शक्यतो मोठं, लिहावं लागतं. चिमणी असेल तर स्वातंत्र्य, पणती असेल तर आशा, वडाचं झाड असेल तर वडील. अशा तालमीत तयार झालेला माणूस पुढे साठ वर्षं कुठल्याही कवितेकडे बघतो ते तिच्या खिशात काय आहे याच नजरेनं.

आणि ही परंपरा काही शाळेतल्या मास्तरांनी एकट्यांनी उभी केलेली नाही. बालकवींची 'औदुंबर' घ्या. आठ ओळींची कविता. टेकडी, गाव, शेतं, वाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. मराठी समीक्षेनं या आठ ओळींत उदासी शोधली, मृत्यू शोधला, विरक्त योगी शोधला. हे नुसतं एक चित्र आहे असं म्हणणारेही होते, पण ते पटवून द्यायलासुद्धा लेखच लिहावे लागले. तुकोबांची मुंगी तर घरोघर. देहूच्या त्या अभंगात मुंगीला साखरेचा कण मिळतो आणि ऐरावताला अंकुशाचा मार. पाच वर्षांच्या पोरापासून निरोपसमारंभातल्या साहेबापर्यंत सगळे त्याचं तात्पर्य सांगतात: नम्र राहावं. साहेब तर नम्रपणे पाऊण तास सांगतात. पण साखरेच्या डब्यापाशी खरी मुंगी निघाली की तिची काय संभावना होते, ते आपण बघतोच.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. लहान गोष्टी दिसत नाहीत अशी पुणेकराची ख्याती नाही. उलट आहे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीत पाला किती आणि काड्या किती, हे त्याला लांबून दिसतं. मिसळीतली शेव मागच्या महिन्यापेक्षा कमी झालेली त्याला कळते. सवाई गंधर्वला तंबोऱ्याची एक तार किंचित उतरली तर भारतीय बैठकीतल्या दहा माना एकदम वर होतात. आणि पाट्या! पुणेरी पाटीसारखं लहान गोष्टीकडे रोखून बघणारं वाङ्मय दुसरं नसेल. माझ्या ओळखीच्या एका वाड्याच्या दारावर तीन ओळी रंगवलेल्या होत्या: 'बेल एकदाच दाबावी. ऐकू येते. उघडायला माणूस चालत येतो.' बघा, बेल आहे, कान आहे, आणि आतून सावकाश चालत येणारं म्हातारपण आहे. एक शब्द काढता येत नाही. 'जीवन' नाही, 'क्षितिज' नाही. ही पाटी वाचून आजवर कोणीही 'येथे पाटीकाराला असे सांगायचे आहे की' असं म्हटलेलं नाही. सगळ्यांना कळतं. बेल एकदाच दाबतात.

मग हाच माणूस कवितेच्या बाकावर बसला की आंधळा का होतो?

याचं उत्तर 'जेजुरी'तच आहे, फुलपाखराच्या कवितेत नाही, दुसऱ्या एका कवितेत. एका बुटक्या, अंधाऱ्या देवळात पुजारी मूर्ती दाखवतो आणि अष्टभुजा देवी म्हणून ओळख करून देतो. बघणारा काडी ओढतो आणि हात मोजतो. हात भरतात अठरा. तसं तो पुजाऱ्याला सांगतोही. पुजाऱ्यावर काही परिणाम नाही. त्याच्या लेखी देवी अष्टभुजा ती अष्टभुजाच. बघणारा बाहेर उन्हात येऊन सिगारेट पेटवतो. इतकंच. ना तंटा, ना टिंगल.

पुणेकर रोजच्या व्यवहारात काडी ओढून हात मोजणारा आहे. रिक्षाच्या भाड्यातला वरचा रुपया तो मोजतो, सोसायटीच्या हिशेबातले पन्नास पैसे तो मोजतो, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरचा शून्य तो मोजतो. मात्र कविता समोर आली की त्याचा तत्काळ पुजारी होतो. हात किती का असेनात, नाव आधी ठरलेलं असतं. भंडारा, आत्मा, क्षणिकवाद. अठरा हात कोणी दाखवून दिलेच तर 'विषयावर या.'

आता फुलपाखरामागे गोष्ट नाही, हे जेजुरीत म्हणण्याला किती धाडस लागतं तेही बघा. पुण्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या त्या गडावर गोष्ट नसलेला दगड सापडणं कठीण. ही टेकडी का, तर अमुक राक्षस. ही भेग का, तर देवाचा राग. पायऱ्या किती, तर नवलाख, आणि त्या मोजायला गेलात तर तुमचाच पाय घसरेल. नवं जोडपं दर्शनाला येतं, तेव्हा नवऱ्यानं बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, त्यालाही प्रथा आहे आणि प्रथेमागे कारण आहे. (नवऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे असतं त्याला मात्र कुठल्याच पुराणात आधार नाही.) अशा ठिकाणी, जिथे प्रत्येक धोंड्याला वंशावळ आहे, तिथे कवी एका किड्याकडे बोट दाखवून म्हणतो की हे एकटं बिनगोष्टीचं आहे. मला विचाराल तर कवितेत एवढंच आहे, आणि ते भरपूर आहे. गोष्टींच्या डोंगरात गोष्ट नसलेली एकच वस्तू त्याला दिसली आणि ती त्यानं तशीच राहू दिली. आम्ही सदाशिव पेठेत बसून एका संध्याकाळीत तिला चार गोष्टी चिकटवल्या. जेजुरीच्या पुजाऱ्यांनासुद्धा हा वेग साधला नसता.

भालचंद्र नेमाड्यांनी या कवितांवर ठपका ठेवला होता की ही नजर पर्यटकाची आहे: आला, बघून गेला. टीका वजनदार आहे आणि ती खोटी ठरवायची माझी प्राज्ञा नाही. कोलटकरांबरोबरचा मकरंद तर कवितेत सरळच सांगतो की शर्ट काढून आत पूजेला मी येत नाही, तुम्ही जा, मी बाहेर अंगणात सिगारेट ओढतो. पण भक्ताची नजर देवाकडे लागलेली असते. दाराला एकच बिजागरी उरली आहे, हे त्याला दिसायचं कारण नाही. आपल्या घरचं दार तरी आपण कुठे बघतो? ते करकरायला लागेपर्यंत ते दार नसतंच.

घरच्या वस्तू बघणारा एक माणूस मात्र पुण्यात होऊन गेला, आणि तो कवीच होता. दिनकर गंगाधर केळकर, 1896 ते 1990. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. घरचा धंदा चष्म्याचा. पुण्यात सरदार घराणी उतरणीला लागलेली, वाडे रिकामे होत चाललेले. त्या वाड्यांतून आणि पुढे गावोगाव हिंडून केळकरांनी वस्तू गोळा केल्या. कुठल्या? तलवारी आणि मुकुट म्हणाल तर ते कोणीही जमवेल. केळकरांनी जमवले अडकित्ते. दिवे. दौती. फण्या. कुंकवाचे करंडे. पाय घासायच्या वज्री. ज्या वस्तू बायका हातातून खाली ठेवतात आणि त्यांना परत कोणी नाव विचारत नाही, अशा. वीस हजारांच्या वर गेला तो संग्रह. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला; त्याचं नाव संग्रहालयाला दिलं, आणि 1975 साली सगळं सरकारच्या हवाली केलं. यात विनोद करण्यासारखं काही नाही.

विनोद आहे तो बघणाऱ्यांचा. राजा दिनकर केळकर संग्रहालय बाजीराव रस्त्याला लागूनच आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी अडकित्त्यांच्या कपाटापाशी उभे राहून लोकांचं बोलणं ऐका. मोराचा अडकित्ता, घोड्याचा अडकित्ता, बाई-बुवाचा अडकित्ता. सोलापूरच्या एक आजी काचेला नाक लावून म्हणाल्या, "अगं बाई, असाच होता आमच्याकडे. भंगारात दिला." त्यांची सून म्हणाली, "मी नाही, तुम्हीच दिलात." एक गृहस्थ मुलाला समजावत होते, की सुपारी इथे ठेवायची आणि बोट इथे ठेवायचं नाही. दुसऱ्यानं आज याला किती येतील ते विचारलं. कोणी धार बघतं, कोणी खिळा बघतं. एका पोरानं घोड्याला शेपूट नाही हे शोधून काढलं. आणि त्या सगळ्या गर्दीत एकानंही विचारलं नाही की या अडकित्त्यातून कारागिराला काय सांगायचं आहे.

कवी तोच. 'अज्ञातवासीं'च्या कविता समोर ठेवल्या असत्या तर ह्याच माणसांनी त्यांचा आशय, त्यांचं सौंदर्य आणि त्यांचा संदेश काढला असता. त्यानं अडकित्ते ठेवले, आणि लोक मुकाट्यानं अडकित्ते बघतात. अडकित्त्याचा भावार्थ गाइडमध्ये येत नाही, हे त्या वस्तूचं केवढं भाग्य.

हे सगळं मी मंडळात बोलून दाखवलं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि फाईलमध्ये लिहिलं: 'अडकित्ता = द्वैत (दोन पाती), सुपारी = अहंकार.' त्यांचं अक्षर सुरेख आहे.

पुढच्या महिन्यात तुकोबांचा मुंगीचा अभंग आहे. मुंगी म्हणजे जीवात्मा, हे बहुधा आधीच ठरलेलं आहे. ऐरावताबद्दल अजून मतभेद आहेत. मागच्या बाकावरच्या बाईंनी मुंगी साखरेपर्यंत वाट कशी काढते, यावर बोलायला पाच मिनिटं मागितली आहेत आणि चिटणिसांनी ती 'वेळ उरल्यास' या सदरात टाकली आहेत. वेळ उरत नाही, असा अनुभव आहे. तेव्हा वाचकांपैकी कोणाला यायचं असेल तर जरूर या, आणि बाईंना वेळ द्यावा म्हणून हात वर करा. आम्ही हात मोजून घेऊ. प्रवेश विनामूल्य. सहा म्हणजे सहा, आणि चपला ओळीत.